रेजाँचा पाय घसरला, त्याची हकीकत

मिलबर्न,
२ फेब्रुवारी १९७६

तीर्थरूप ओरेस्टमामा यांस,

भाचा गार्नेट याचा, तोंडात उरलेल्या सगळ्या दातांसकट (खालचे अकरा, वरचे सहा), साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला थांबला का? यंदाही गावच्या हॉकीच्या रिंकवर बर्फ जमवायला तुम्हीच नळी धरून पाणी सोडता, असं आईनं कळवलं. उणे चाळीसात, या वयात! गावातले लोक तुम्हाला खुळा म्हणतात, हेही तिनंच कळवलं. पण बर्फ आरशासारखा होतो, हेसुद्धा तिला नाइलाजानं लिहावं लागलं. इथला बर्फ पाहिलात तर तुम्ही त्यावर थुंकाल. (इथे आधीच बरेच जण थुंकतात.) शनिवारी हॉकी, रविवारी त्याच बर्फावर फळ्या टाकून कुस्त्या, मंगळवारी गुरांचं प्रदर्शन. बुधवारी सरावात पडलो की तोंडात गवत येतं, आणि ते गवतच असावं अशी आम्ही मनाची समजूत घालून घेतो.

मी मोठा हॉकीपटू आहे, असं आई चर्चमध्ये सांगत फिरते. तिला सांगू द्या. अकरा वर्षं, सहा संघ, चौदा गोल, हा माझा सगळा पराक्रम. त्या चौदांतले दोन तर खेळातली रबरी चकती माझ्या ढुंगणावर आपटून आत गेली म्हणून झाले. पण मला गोल मारायला कुणी ठेवलंच नव्हतं, मामा. संघात चार नाजूक हातांचे खेळाडू असतात. त्यांना कुणी जोराचा धक्का दिला की कोच माझ्या पाठीवर थाप मारतो. मी बर्फावर जायचं, हातमोजे टाकायचे, समोरच्याला बुकलायचं आणि पाच मिनिटं शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं. (तिथून खेळ फार छान दिसतो. मला हॉकी जी काही कळते ती त्या बाकावरूनच.) वरच्या लीगमध्ये मला एकदा बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटावेत तशी बातमी वाटलीत. तिथे तीन दिवस बसवून ठेवलं, चौथ्या दिवशी चाळीस सेकंद खेळवलं. त्या चाळीस सेकंदांत चकती माझ्याकडे आली नाही आणि मीही तिच्याकडे गेलो नाही. पाचव्या दिवशी परत बसमध्ये.

आता रेजाँबद्दल. रेजाँ थिबुतो हा शेजारच्या शहराच्या संघातला, माझ्याच धंद्यातला माणूस. क्वेबेकचा. सात वर्षांत आम्ही एकवीस वेळा एकमेकांना झोडपलं. त्यानं माझं नाक दोनदा मोडलं (दुसऱ्यांदा मोडताना बरंचसं सरळही केलं) आणि मी त्याच्या बरगड्या. सामना संपला की मागच्या दाराशी बिअर पीत बसायचो. "गार्ने, तुझ्या अंगाला माझ्याइतका हात दुसऱ्या कुणी लावलेला नाही, आता लग्नाचा नाद सोड," असं तो म्हणायचा. त्याची बायको सिमोन केस कापायचं दुकान चालवते. माझ्या डोक्यातले टाके तिनं दोन वेळा स्वतःच्या कात्रीनं काढले, वर केसही कापून दिले, आणि दोन्ही वेळा नवऱ्याला माझ्यादेखत शिव्या घातल्या.

दहा जानेवारीला रेजाँचा संघ आमच्याकडे खेळायला आला. सकाळच्या सरावानंतर रेजाँनं मला बोळात गाठलं. म्हणाला, "डाव्या डोळ्यानं काही दिसेना झालंय रे. सगळा धूर. मार्चपर्यंत कसंबसं ओढतो, मग सोडतो. कुणाला बोलू नकोस."

मी म्हटलं, "मग आज नको भिडायला."

"न भिडून चालेल? तुझा कोच सोडेल का, की माझा? खोटं खोटं करू. खांद्यावर चार ठोसे, सदऱ्याची ओढाओढ, मग दोघंही पडू. लोकांना काय, हात हलले की झालं."

ठरलं. दुसऱ्या सत्रात दोन्ही कोचनी आम्हाला सोडलं आणि आम्ही ठरल्याप्रमाणे सुरू केलं. मामा, एकवीस वेळा खरी मारामारी करणाऱ्या माणसांना खोटी करता येत नाही. आम्ही दोन म्हाताऱ्या अस्वलांसारखे एकमेकांच्या गळ्यात पडून गोल गोल फिरत होतो. प्रेक्षकांना कळायला वेळ लागला नाही. आधी हसले, मग ओरडायला लागले. "फुगड्या घालताय काय रे!" "अरे, मुका घे त्याचा, मुका!" काचेशी घंटा घेऊन बसणारा एक जाडा आहे, तो लग्नातल्यासारखी घंटा वाजवायला लागला. कोच मॅक्लस्की बाकावरून किंचाळला, "गार्नेट, उद्यापासून झाडू मारायला ये!" मी या सगळ्याकडे काडीचंही लक्ष दिलं नाही. आणि तेवढ्यात रेजाँचा पाय घसरला. डोक्यावर टोप नव्हता (आमच्या धंद्यात टोप घालणाऱ्याला बायल्या म्हणतात). डोकं बर्फावर आपटलं. तो आवाज मी तुम्हाला लिहून सांगणार नाही. सगळं रिंक उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पंचांनी कागदावर लिहिलं, पाय घसरला. दोन्ही संघांचं तेच म्हणणं.

क्लबनं हॉस्पिटलात फळांची टोपली पाठवली. तिच्यावरच्या कार्डावर रेजाँचं नाव चुकलं होतं. मला त्या महिन्यातली उत्तम मारामारी म्हणून एक गोठवलेला टर्की पक्षी बक्षीस दिला. तो बगलेत मारून मी बर्फाच्या मधोमध उभा राहिलो आणि फोटो काढून घेतला. (नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.)

पुढच्या सामन्यात कोचनं पुन्हा पाठीवर थाप मारली. समोर वीस-एक वर्षांचा नवा गडी, माझ्यावर नाव कमवायला आलेला. मी हातमोजे टाकले आणि माझे हात वर होईनात. नुसते लोंबत राहिले, ओल्या टॉवेलांसारखे. त्यानं बापड्यानं थोडी वाट पाहिली. "अहो, सुरू करा ना," असंही म्हणाला. मग त्यानं आपलं काम चोख केलं. (दातांचा आकडा वर दिलाच आहे, तो त्यानंतरचा.) दुसऱ्या दिवशी माझं कपाट रिकामं करून सामान दाराबाहेर ठेवलेलं होतं. तेव्हा मी आता हॉकीपटू नाही. आईला चर्चमध्ये काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

सध्या मी रोज दुपारी हॉस्पिटलात जातो. रेजाँ जागा असतो, पण बोलत नाही. उजवा हात हलतो. सिमोनला कधी ओळखतो, कधी नाही. मला पाहिलं की हसतो, आणि ओळखून हसतो की नुसताच, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सिमोन त्याची दाढी करते, चमच्यानं सूप भरवते. गालावर ओघळलेलं पुसताना एकदा म्हणाली, "गार्नेट, तू येतोस म्हणून मला बरं वाटतं. त्याच्या टीममधले एकदाच आले." मग म्हणाली, "तू अगदी जवळ होतास. नक्की काय झालं रे?"

मी सांगितलं, पाय घसरला.

"बर्फच तो," ती म्हणाली. "घसरायचाच."

बाकी सर्व ठीक. प्रकृती उत्तम. मामीला नमस्कार, तुमच्या कुत्र्याला एक थाप.

तुमचा,
गार्नेट

ता. क. : हे पत्र आईला दाखवू नका. तिनं पाहिलंच आणि अक्षर असं का, म्हणून विचारलं, तर बसमध्ये लिहिलं म्हणा.

आणखी ता. क. : मामा, त्याचा पाय घसरला नाही. वर लिहिलं की मी ओरडणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही, तेही खोटं. घंटा वाजली, लोक हसले, आणि माझं डोकं फिरलं. मी मारलं. खरं मारलं, सगळ्या ताकदीनं, आणि डावीकडून मारलं. त्याला जिकडचं दिसत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं, तिकडून. त्यानं हातसुद्धा वर केला नाही. पंच माझ्या पाठीमागे होते. बाकीच्यांनी पाहिलं असेल तर त्यांना ती नेहमीची मारामारी वाटली.

शेवटचा ता. क. : अठ्ठावीस तारखेला सिमोन त्याला घेऊन कायमची क्वेबेकला, गावी जाणार आहे. त्याच्या आत तिला सांगायला हवं. चार वेळा ठरवून गेलो आणि चारही वेळा सूप गरम करून देऊन परत आलो. तुम्ही येता का? विनिपेगला बस बदलावी लागेल, दोन दिवस लागतात, गुडघ्यांना त्रास होईल हे मला कळतं. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. तुम्ही फक्त खोलीच्या दारात उभे राहा, म्हणजे तिला सांगितल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नाही.