आधीचं रीडिंग

बुधवार, १२ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही. बाबांनी नवा चष्मा केला आणि पहिल्याच दिवशी त्यावर बसले. वहिनीला सलाम सांग.

दोन वर्षांत मी तुला चार पत्रं पाठवली आणि चारही इथंच संपली. हे संपणार नाही.

रविवारी उपासनेनंतर आमचा बायबल अभ्यास असतो. एक निवृत्त नर्सबाई शिकवतात. या वेळी डोंगरावरच्या प्रवचनातला भाग होता: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर ते तसंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी म्हणाले, "हे मला सोपं जातं. माझ्या मनात कोणाबद्दल राग नाही."

"पुन्हा वाच," नर्सबाई म्हणाल्या. "बोट ठेवून."

वाचलं. तिथं माझ्या रागाबद्दल काहीच नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, एवढाच प्रश्न आहे.

"म्हणजे आपल्यावर कोण कोण चिडलंय त्याची यादी करायची?" शिंपीकाका म्हणाले. "माझी घरापासूनच सुरू होईल, आणि वही पुरायची नाही."

सगळे हसले. तू मला काटेकोरबाई म्हणायचास. काटेकोरबाई इतकी वर्षं ते वाक्य उलटं वाचत होती.

आता लाँड्रीचं प्रेशर गेज. वाफेचा पाइप फुटून तिथल्या कामगाराचा हात भाजला होता, आणि गेज चुकीचं दाखवत होतं का, हे तपासायला ते दाबमापक आपल्या तपासणी प्रयोगशाळेत आलं. नियम तूच मला पहिल्या दिवशी शिकवलास: आलं तसं तपासणी यंत्राला लावायचं, दाखवेल ते लिहायचं, मगच काटा जुळवायच्या स्क्रूला हात लावायचा. एकदा काटा जुळवला की आधीची चूक किती होती, ते कोणालाच कधी कळत नाही.

त्या दिवशी मला प्रार्थनागीतांच्या सरावाला जायची घाई होती. मी आधी काटा जुळवला. मग पहिल्या, आधीच्या रीडिंगच्या रकान्यात मनानं आकडा घातला. तू विचारलंस, "आधी लिहिलंस ना?" मी "हो" म्हणाले. त्यावर तू सही केलीस.

चौकशीत लाँड्रीच्या रोजच्या नोंदींशी तो आकडा जुळेना; खोटा ठरला. साहेबांनी विचारलं, कोणी भरला? तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग म्हणालास, "सही माझी आहे." तुझी नोकरी गेली, माझी राहिली. आज मी तुझ्याच टेबलावर बसते. देवाकडे मी पुष्कळदा क्षमा मागितली. म्हणजे पहिला रकाना खोटाच ठेवून काटा जुळवत राहिले.

काल साहेबांना लेखी जबाब दिला. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढताय? परिणाम माहीत आहेत ना?" मी म्हणाले, "माहीत आहेत."

आज जेवताना घरी सांगितलं. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. आई म्हणाली, "अगं, आधी त्याला सांगायचं होतंस." तिचं बरोबर आहे. क्रम पुन्हा चुकला.

तुला भेटेपर्यंत मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेणार नाही, असं पाळकांना कळवलंय. शनिवारी सकाळच्या बसनं येते आहे. हेच सगळं वहिनीसमोर तोंडी सांगायचंय. त्या कामगाराकडेही जायचंय, पण तुझ्यानंतर. तू माफ करावंस असं म्हणत नाही. तो रकाना तुझा आहे, त्यात मी आकडा घालणार नाही. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. डबा बरोबर घेते आहे.

हे पत्र पुन्हा वाचून सुधारलेलं नाही. आहे तसं पाठवते.

त्या दिवशी "हो" म्हणालेली,
तुझी धाकटी बहीण