सी यू म्हटल्यावर

प्रिय बाई,
सप्रेम जय भीम.

काल तुमचा जलदानविधी झाला. विहारातून बाहेर पडताना आपल्या चाळीतल्या मंदाने विचारलं, "बाईंचा इंग्लिशचा क्लास बंद काय गं आता?" तिला काय सांगायचं ते ठरवायला तुम्हालाच लिहायला बसले.

याच विहारात दुपारची भांडी आवरून आम्ही बायका जमायचो. सुटा शब्द तुम्ही कधी शिकवलाच नाही. "बोलायचंय ना? मग जोडीनंच पाठ करा," म्हणायचात. तुमचं "मेक", की आमचं "टी". तुमचं "कॅच", की आमचं "अ बस". चुकलो तर हसायचात, पण उत्तर आल्याशिवाय पुढे जायचा नाहीत. वर्ग सुटताना तुमचं "सी यू", आमचं "टुमॉरो". मी कामाला जाते त्या टॉवरमधल्या मॅडमना मी पहिल्यांदा "टेक केअर" म्हटलं, ते सांगायला परळभर धावत तुमच्याकडे आले होते. आठवतं ना?

मग तुम्हाला लकव्याचा झटका आला आणि वाचाच गेली. मिलिंदचं, पोटच्या मुलाचं नाव तुमच्या तोंडून निघेना. तो तोंड फिरवून रडायचा. मी आपली सवयीनं म्हणाले, "मेक". तुमचे ओठ हलले. "टी."

मिलिंदने माझा हात घट्ट धरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी अर्धं म्हणायचे, तुम्ही पुरं करायचात. तो म्हणायचा, "काकू, आई येतेय परत." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी निघताना मी म्हटलं, "सी यू". तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात, "टुमॉरो". मी खुशीत घरी गेले. सकाळी मिलिंदचा फोन आला.

बाई, मला त्या शब्दाचा राग आलाय. ज्याची खात्री नाही ते आमच्याकडून इतकं घोकून कशाला घेतलंत? त्या संध्याकाळी तुम्हाला अर्थ कळत होता, की नुसती सवय बोलली? हे आता मी कुणाला विचारू?

उद्या दुपारी विहार उघडतेय. मंदाला निरोप दिलाय. सगळ्या जोड्या पहिल्यापासून घेईन. वर्ग सुटताना मलाच "सी यू" म्हणावं लागेल आणि सगळ्या एका सुरात उत्तर देतील. ते मला ऐकवणार नाही. तरी म्हणेन, बाई. आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय दार लावणार नाही.

तुमची,
संगीता