लाल अक्षरांतली रूपल

अमळनेर

प्रिय अर्पित,

जय जिनेंद्र. रूपलच्या पारण्याला तू पाठवलेला काजूकतलीचा डबा मिळाला. अन्न टाकणं मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे, पण ती मिठाई घरात ठेवावीशी वाटेना. दूधवाल्या कमलबाईच्या नातवंडांना देऊन टाकली. फोनवरच बोलले असते, पण आपल्या स्वयंपाकघरातलं बोलणं पुढच्या खोलीत ऐकू जातं, आणि रूपलच्या कानावर हे अजून पडायला नको.

मागच्या दिवाळीत तू केवढ्या फुशारकीने सांगत होतास! तुमचं सॉफ्टवेअर वेबसाइटवर पहारा ठेवतं, कुणी गुपचूप एक ओळ बदलली तरी जुनं पान जपून ठेवतं, मोठमोठ्या कंपन्यांची लबाडी पकडतं. मी म्हटलं, मग आपल्या जैन संघाच्या पानावरही ठेव की पहारा. प्रवचनाची वेळ ऐनवेळी बदलते नि माझे रिक्षाचे पैसे फुकट जातात. हसत हसत माझ्या मोबाइलवर लावून दिलंस आणि विसरलास. तेव्हापासून त्या पानावर जे बदलतं ते मला दिसतं. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं.

रूपलच्या अठाईचा, आठ दिवसांच्या उपवासाचा, सातवा दिवस होता. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर होती पोरगी, भिंतीला धरून उठायची, पण चेहरा असा उजळलेला की शिरपूरचं सासर सोडून आल्यापासून मी तो पाहिलाच नव्हता. तेवढ्यात मोबाइल वाजला. तपस्वींच्या यादीत रूपलचं नाव लाल. खाली हिरव्यात, 'पारण्याचे लाभार्थी : अर्पित, पुणे', म्हणजे सगळ्यांच्या पारण्याचा खर्च तुझा. मला वाटलं, घटस्फोटित मुलगी तपस्वींच्या मिरवणुकीत नको म्हणून ट्रस्टींनीच काढलं. तशीच तावातावाने जैन स्थानकात गेले आणि अध्यक्ष इंदरचंदजींना चार माणसांत नको नको ते बोलले. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "भाभी, मला फोन उचलता येतो, तेवढंच. वेबसाइट तुमचा अर्पितच पाहतो. त्यानेच कळवलं की रूपलची तब्येत बिघडली, तिने उपवास मोडला."

उपवास मोडला! अरे, उपाशी बहिणीच्या नावावर असलं खोटं लिहायला तू धजलास कसा?

इंदरचंदजींनी लगेच बग्गीत तिची जागा केली, पण बॅनर छापून झाला होता, त्यावर सगळ्यांची नावं होती, फक्त तिचं नव्हतं. मिरवणुकीत कमलबाईने सगळ्यांदेखत विचारलं, "अक्का, बठ्ठास्ना नावे शेतस, आपली रूपलनंच कसं नही?" रूपल हसून म्हणाली, "छापणाऱ्याची चूक असेल. अर्पितला सांगते, तो लगेच दुरुस्त करेल." मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, आनंदाने डोळे भरले.

कारण कळलं ते धुळ्याच्या चंदनबाईंचा फोन आला तेव्हा. त्यांच्या हर्षिताशी तुझं जमतंय, हेही मला त्यांच्याकडूनच कळावं! संघाचं पान त्या रोज पाहतात. म्हणाल्या, "अर्पित एकुलता एक, तो पुण्याला, तुम्हाला एकटं वाटत असेल." मी सरळ सांगितलं, मोठी मुलगी आहे, मार खाऊन खाऊन शेवटी सासर सोडून आली आहे, आणि परवाच तिने अठाई पूर्ण केली. त्या म्हणाल्या, "अर्पितने तर बहीण आहे असं कधी सांगितलंच नाही."

संवत्सरीला तुझा माफी मागणारा 'मिच्छामि दुक्कडम्'चा मेसेज आला, गुलाबांचा, सगळ्या गावाला एकच. प्रतिक्रमणात मी चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावलं, त्यांची क्षमा मागितली नि त्यांना क्षमा केली, साप-विंचवांनाही. तुझ्यापाशी आले आणि जीभ अडली. धर्म म्हणतो क्षमा कर, पण तुझं नाव घेतलं की शिसारी येते. पोटच्या पोराची शिसारी यावी, याहून वाईट काय ते मला माहीत नाही.

हे पत्र मात्र शिव्या द्यायला लिहिलेलं नाही. काल चंदनबाईंचा पुन्हा फोन आला. रविवारी हर्षिता येते आहे, तुला न कळवता. तिला रूपलशी एकटीने बोलायचं आहे. भाऊ कसा आहे, हे बहिणीलाच विचारायचं आहे. रूपल काय सांगेल ते मला आताच ऐकू येतं, 'माझ्या भावासारखा माणूस शोधून सापडणार नाही.' आणि त्या शब्दावर ती मुलगी हो म्हणेल. रूपलला दिलं तेव्हा आपल्यालाही असंच कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून शनिवारी ये आणि रूपलला तुझ्या तोंडाने सगळं सांग. नाही आलास, तर रविवारी हर्षिता उंबरा ओलांडण्याआधी मी सांगेन. रूपलने ते तुझ्याकडून ऐकावं, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

अजूनही तुझीच,
मम्मी