पाळीतलं पाचवं घर

१७ नोव्हेंबर, सोमवार. भुईगाव

उद्या पहाटे निघायचं आणि पिशवीचं तोंड अजून मिटत नाही! सात किलो. त्यातले दोन किलो नुसते बाम, गोळ्या आणि गुडघ्याचे पट्टे. जॉनने ती एकदा उचलून पाहिली, खाली ठेवली आणि वाडीत केळींना पाणी सोडायला निघून गेला. बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, सहा वर्षं साप्ताहिकाची वार्ताहर म्हणून गटारांवर लिहिलं, आता त्रेपन्नाव्या वर्षी बायकोला डोंगर चढायचा आहे. यावर त्याचं म्हणणं एवढंच — गुडघ्यांना विचारलंस का?

विचारलं. नकार आला. द्विवचनात.

चार दिवस आहेत. चिंचोटीच्या मागून चढायचं, पाड्यांवर लोकांच्या घरी राहायचं, वर पठारावर पडलेलं जुनं देऊळ पाहायचं आणि उतरायचं. पाड्यातले लोक त्याला नुसतं ‘जुना देव’ म्हणतात. कुणी बांधलं, कधी पडलं, कुठे नोंद नाही. म्हणजे मी लिहीन तो इतिहास! संपादक गॉडफ्रेची ताकीद आहे — रोज दोनशे शब्द पाठव फ्लॉसी, आणि त्यात कृपा करून गटार नको.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. खालचा पाडा

पोचलो! जिवंत!

आम्ही तिघंच. वाट दाखवायला डेरिक — माझा जुना विद्यार्थी, संस्कृतात कायम पस्तीसच्या काठावर, जंगलात मात्र पहिल्या नंबराचा. पाड्यांवरच्या मुक्कामाची सोय तोच बघतो, फोनही त्याच्याकडेच येतात. आणि फुलपाड्याचे चंद्रहासराव, बँकेतून निवृत्त. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, त्यांनी चार दिवसांचं एकदम उरकायचं ठरवलं. सकाळी शार्दूलविक्रीडितात निघाले, दुपारपर्यंत मंदाक्रांतेत आले. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, त्यावर कुठली गोळी घेतात?

वाटेत डेरिकने इथली रीत सांगितली. पाड्यावर पाच घरं पाहुणे घेतात, पाळीने. आलेली टोळी ज्याची पाळी त्याच्या घरी. रात्रीचं जेवण त्या घरी, सकाळची शिदोरी पुढच्या पाळीच्या घरातून. घर निवडायची मुभा पाहुण्याला नाही. पाटीवरसुद्धा कुणाचं नाव नाही, नुसतं ‘राहायची सोय’. दोन वर्षं असं चाललंय, भांडण नाही. “टीचर, हे मोडलं तर पाडा मोडेल,” म्हणाला. मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं. (हे वाक्य नंतर खोडावंसं वाटलं; मुद्दाम इथे ठेवते आहे.)

आज पाळी जयवंतीची. पाचवं घर, सगळ्यांत नवं. पंचविशीची असेल. नवऱ्याने टाकलं म्हणून परत माहेरच्या पाड्यावर आली, भावाच्या घरामागे कुडाची खोली उभी केली. तिला पाळीत घ्यायला बरेच जण नाखूश होते — आलेली बाई, उद्या निघून गेली तर? दिवाळीनंतर कशीबशी घेतली. आम्ही तिचे पहिलेच पाहुणे. पोरगी इतकी घाबरली होती की पाण्याचा तांब्या तिने चंद्रहासरावांना तीनदा दिला. तेही तिन्ही वेळा प्यायले. सज्जन मनुष्य.

आणि मग जेवण!

नागलीची भाकरी, भाजलेले करांदे, जवळ्याची चटणी आणि उडदाची आमटी. त्या आमटीबद्दल काय लिहू? मी जन्मभर शब्दांवर जगले, पण दुसऱ्या वाटीनंतर मला फक्त ‘अजून’ एवढंच अव्यय आठवत होतं. अव्ययाला विकार नसतो म्हणतात. माझ्या पोटाला आहे. चार वाट्या.

जयवंती वाढत होती आणि मी कौतुक करत होते. तिची वहिनी, सोमी, मागच्या दाराशी ओल्या हातांनी उभी होती. धिप्पाड बाई, पदर खोचलेला, चेहरा दगडाचा. मी म्हटलं, नणंदेच्या हाताला चव आहे हो तुमच्या. ती वळली आणि गेली. सोसवलं नसावं. जगात सगळीकडे हेच!

१९ नोव्हेंबर, बुधवार. वरची वस्ती

शिदोरी सोमीच्या घरची, कारण पुढची पाळी तिची. भाकरी आणि उडदाचीच सुकी भाजी. बरी होती. मीठ जरा चढं. जयवंतीच्या हाताशी तुलना नाही.

चढ, चढ आणि चढ. एका ठिकाणी चारी पायांवर गेले. खाली पाहिलं तर चिंचोटीची झाडी, त्यापलीकडे इमारतींचे डबे, आणि अगदी टोकाला समुद्राची रेघ — तिच्या अलीकडे कुठेतरी आमची वाडी, तिथे जॉन पाइप घेऊन उभा. मी हात हलवला. चंद्रहासराव म्हणाले, कोण आहे? म्हटलं, नवरा. त्यांनीही हलवला.

वरची वस्ती म्हणजे दोन घरं आणि सहा म्हशी. म्हशीवाले आजी-आजोबा जागा देतात, दूध देतात, प्रश्न विचारत नाहीत. घरामागे एक मोठा खडक आहे, त्यावर उभं राहिलं की फोन लागतो. मी चढून उभी राहिले आणि गॉडफ्रेला मजकूर पाठवला. दोनशेचे चारशे शब्द झाले. काय करणार, वारा असा होता, ऊन असं होतं, अंगात आमटी होती! जयवंतीचं नाव घातलं, तिची सगळी कहाणी घातली, आणि शेवट केला — ‘पाड्यावर घरं पाच आहेत, पण जायचं तर जयवंतीकडेच.’

चंद्रहासरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, फक्त बाकीच्या चौघींना काय वाटेल? मी म्हटलं, तुम्ही बँकेतले, तुम्हाला सगळे खातेदार सारखेच. माझं वाक्य मला फार आवडलं होतं. अजून आवडतं आहे.

संध्याकाळी

गॉडफ्रेचा निरोप — ‘झकास. वेबसाइटवर टाकलं. सगळ्या ग्रुपवर फिरतंय.’

२० नोव्हेंबर, गुरुवार. पुन्हा वरची वस्ती

पाहिला जुना देव!

पठारावर गवत कमरेएवढं, पिवळं, आणि त्यात दगड आडवे-तिडवे पडलेले, जेवून पंगतीतच लवंडल्यासारखे. खांबाचे तुकडे. डोकं नसलेला नंदी. कळसाचा आवळ्यासारखा चक्री दगड, त्याच्या खोबणीत सरडा. बाजूला कातळात खोदलेलं टाकं, पाणी काळंभोर, थंडगार. मी तासभर रांगत शिलालेख शोधला. एक अक्षर नाही. एवढं सगळं घडवलं आणि कुणी स्वतःचं नाव लिहिलं नाही! वार्ताहर म्हणून मला हे फार लागलं.

मग कड्याच्या अलीकडे उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, मोठ्याने ओरडले — रामः! दरीतून आलं — रामः. रामौ! दरीने तेही बरोबर म्हटलं. डेरिकपेक्षा दरी हुशार. मग डेरिकही ओरडायला लागला. षष्ठीपर्यंत गेला. वीस वर्षं उशीर झाला, पण गेला! चंद्रहासराव टाक्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, फ्लॉसीबाई, घरी यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी नंदीला टेकून इतकी हसले की बरगडी दुखली. गुडघे? कुठले गुडघे!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. घरी जाताना, चिंचोटी नाक्यावरच्या चहाच्या टपरीत

घरी पोचेपर्यंत थांबत नाही, आत्ताच लिहिते.

दुपारी खालच्या पाड्यावर उतरलो, चहा पिऊन पुढे निघायचं होतं. वाटेतच डेरिकच्या फोनला रेंज आली आणि तो वाजायचा थांबेना. त्याचा चेहरा पाहूनच मला कळायला हवं होतं. रविवारची अकरा माणसं. पुढच्या बुधवारची सहा. शनिवारची नऊ. आणि सगळ्यांचं एकच — जयवंतीचं घर असेल तरच येतो. रविवारची पाळी सोमीची.

पाड्यावर माझं लिहिलेलं आधीच पोचलं होतं. कुणाच्या तरी भाच्याने फोनवर वाचून दाखवलं होतं. आंब्याखाली सगळे बसलेले. मधे म्हातारा, सगळे त्याला आजा म्हणतात. जयवंती कडेला, तोंडावर पदर. आम्हाला कुणी या म्हटलं नाही. बसा मात्र म्हटलं. ते जास्त लागलं.

आजाने आवाज चढवला नाही. म्हणाला, पाळीत कोन मोठा नव्हता, कोन ल्हान नव्हता, म्हणून ती चालली. आता चार घरी चूल थंडी राहील आन एका घरी दारात रांग. घेऊ नको म्हणत होतो मी या पोरीला. सात-आठ माना हलल्या. एक बाई म्हणाली, हिनंच बाईला सांगितलं असंल लिहायला.

मी उठले. म्हटलं, तिने काही सांगितलं नाही, चूक माझी. मला रीत ठाऊक होती, तरी लिहिलं. मी दुरुस्ती छापते, आजच. आजाने विचारलं, काय छापशील? आमटी वाईट होती म्हणून? मी खाली बसले.

तेवढ्यात जयवंती बोलली. इतकं हळू, की पुढे वाकावं लागलं. “माझं घर काढा पाळीतून.”

सोमी भिंतीसारखी उभी होती. मला वाटलं, आता ही हो म्हणणार आणि संपलं सगळं. त्या पोरीला पुन्हा जायला जागा नाही. मी वर पाहू शकत नव्हते.

सोमी म्हणाली, “फोनवाल्यांना जयवंती पायजे ना? मग रविवारी मी जयवंती.”

कुणाला काही कळेना. ती तशाच दगडी चेहऱ्याने सांगत होती — पाटीवर नाव नाय, कपाळावर नाय. माझी पाळी तेव्हा मी जयवंती, बुधवारी काशी जयवंती, शनिवारी तिची सासू जयवंती. हिच्या पाळीला ही जयवंती. पाळी मोडली नाय, कोन बाहेर नाय.

काशीची सासू सत्तरीची, चूल वेगळी. तोंडात दात दोन. ती म्हणाली, म्या जयवंती? आन लाजली! मग हसू फुटलं, आधी पोरांत, मग बायकांत. आजा म्हणाला, आन माझ्या घरी कोन रांधील? मी तर बाप्या. सोमी म्हणाली, तू जयवंतीचा बाप व्हय. आजाच हसला, आणि मग काही राहिलंच नाही. चंद्रहासराव डोळे पुसत होते. त्यांनी प्रत्येकीला हात जोडून ‘नमस्कार जयवंतीबाई’ केलं. पाचही घरं.

निघताना मी सोमीजवळ गेले. मनात तिच्याबद्दल जे आलं होतं, त्याची लाज वाटत होती. म्हटलं, मी काहीतरी चांगलं लिहिते, पाळीबद्दल, तुमच्याबद्दल.

“बाई, तू आता लिहू नको.”

एवढंच बोलली. पण आमच्या पिशवीत तिने करांदे भरून दिले.

२२ नोव्हेंबर, शनिवार. भुईगाव

गुडघे परत आले. दोघेही. जॉन म्हणतो, डोंगरावरून कुणीतरी हात हलवताना दिसला होता. खोटं बोलतो. बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डेरिकचा फोन. अकरा जण आले, जेवले, जयवंतीबाईंसोबत फोटो काढले. फोटो मला पाठवला — मधे सोमी, पदर खोचलेला, चेहरा तसाच. खाली त्यांनी लिहिलंय, ‘लेखात वाचलं त्याहून भारी.’ मला त्याचंही हसू आलं! दिवसभर येत होतं. चर्चमध्ये मिस्साच्या गायनाच्या सरावातसुद्धा आलं, शेजारी उभ्या रिटाने कोपर मारलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डेरिकच्या फोनवरून जयवंती बोलली. म्हणाली, बाई, एक सांगायचं रायलं, मनात धरवत नाय. “त्या दिशी माझी आमटी करपली होती. मी रडत बसले. वहिनी मागल्या दारानं आली, सगळं परत रांधलं, आन मला म्हनली, वाढ तू.”

कागद घेतला. शुद्धिपत्र, दोन ओळींचं. ‘जयवंती’ खोडलं, ‘सोमी’ लिहिलं.

मग तेही खोडलं. हेही छापायचं नाही.