मोठ्या चिंचेखालचं ताक

अप्पा, काल संध्याकाळी मुलगी भाजी निवडता निवडता म्हणाली, "उगादीला इथून श्रीशैलाला बस जाते म्हणे, तुम्ही पण चला की आमच्याबरोबर." एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजीत गुंतली. मी बघू म्हणालो आणि उठलो. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. सकाळपासून चार वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. पेपर उघडला, मिटला. चहा घेतला, तो निम्मा तसाच राहिला. घरात सगळे म्हणतात, म्हाताऱ्याच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली. तुम्हीही तेच म्हणायचात, पण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि भिंगरी खरंच होती. आज मी तुमच्या शेवटच्या वयापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. शेवटी वही घेऊन बसलो. तुमच्याशी बोलल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नाही.

गावातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाळेत नुकता मास्तर म्हणून लागलो होतो, आणि मला तिथं काही म्हणजे काही रुचत नव्हतं. घंटा झाली की आत, घंटा झाली की बाहेर, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या सुतळी-गोणपाटाच्या दुकानात बसायचं. ताग नाकात गेला की दिवसभर शिंका. आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखेच बेचैन. आम्ही दोघांनी जुन्या सायकली घेतल्या होत्या. शाळा सुटली की होटगीच्या रस्त्यानं सुटायचं, मुरमावर चाकं घसरेपर्यंत हाणायची, बाभळीचा काटा घुसला की कडेला बसून पंक्चर काढायचं आणि परत यायचं. परत यायचं, हेच आम्हाला नको होतं. एके दिवशी मास्तर म्हणाले, "मे महिन्यात आपण न परतता जाऊ या. आठ दिवस, दहा दिवस. तंबू घेऊन." मी म्हणालो, "जंगल पाहिजे." आणि जंगल म्हटल्यावर मला ठाऊक असलेलं एकच जंगल होतं, ते म्हणजे तुमचं.

तुम्ही अकरा वेळा श्रीशैलाला चालत गेला होता. मैंदर्गीच्या आपल्या माणसांबरोबर फाल्गुनात निघायचं आणि उगादीला, पाडव्याला, मल्लय्याच्या, तिथल्या महादेवाच्या, पायाशी पोचायचं. बारा वाऱ्या करायचं तुम्ही बोलला होता. अकराव्या वारीनंतर तुम्हाला नारू झाला, तो जंत गुडघ्यातून निघाला आणि जाताना गुडघा आखडून गेला. चार वर्षं तुम्ही दुकानाच्या गादीवर डावा पाय लांब करून बसत होता. बारावीचं नाव कुणी घरात काढत नव्हतं, आणि तुम्हीही काढत नव्हता.

मी दुकानात येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही आधी हसलात. "चाकावर बसून मल्लय्याकडं? त्यो काय म्हनंल?"

"त्यो सवता नंदीवर बसून हिंडतोय की," मी म्हणालो.

तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघून म्हणालात, "बगा, मास्तर झाला की देवाला बी शिकवतोय." पण गिऱ्हाईक गेल्यावर म्हणालात, "दार जरा ओढून घे. हितं बस."

मी शाळेतून नकाशा उतरवून आणला होता. तो तुम्ही दोन मिनिटं उलटासुलटा करून बघितलात आणि बाजूला ठेवलात. "ह्यात पानी कुटं हाय?" म्हणालात. नकाशात पाणी निळ्या रेघेत होतं, पण तुम्हाला ते पाणी नको होतं. तुम्ही बंडलातून चार हात सुतळी तोडली आणि गाठी मारायला लागलात. मोठी गाठ म्हणजे मुक्काम, बारकी गाठ म्हणजे पाणी. कर्नूलपर्यंत पटापट मारल्यात, कारण तिथवर गावंच गावं. आत्मकूर सोडल्यावर तुमचे हात हळू झाले. डोळे मिटून एकेक गाठ मारत होता आणि मी वहीत लिहून घेत होतो. "हितं उंबर, पानी. मग चढ, लई चढ हाय, सायकल खांद्यावर घ्या. मग दगडी देवळी, पानी. मग मोठी चिंच. पानी अन् ताक." मी लिहिलं: मोठी चिंच, पाणी, ताक. घनदाट झाडीत, जिथं चेंचू आदिवासींच्या दोन झोपड्यांशिवाय वस्ती नाही, तिथं ताक कुठून येणार, हा साधा प्रश्न मला, एका मास्तराला, शिवलासुद्धा नाही. तुमच्या तोंडून आलं म्हणजे असणारच. तुम्हालाही शिवला नाही, कारण तुम्ही तिथं अकरा वेळा ताक प्यायला होता.

मग रोजच सुरू झालं. मी शाळेतून यायचो तेव्हा तुम्ही काहीतरी नवं शोधून ठेवलेलं असायचं. सातूचं पीठ किती न्यायचं, भाकरी कडक करून घेतली तर किती दिवस टिकते, शेंगाचटणी कापडात बांधायची की डब्यात. तंबूची ताडपत्री तुम्ही दुकानातली सगळ्यात चांगली काढून दिलीत आणि कडेनं सुतळीची शिवण स्वतः मारलीत. अव्वा म्हणाली, "लेकाचं लगीन असल्यासारकं चाललंय तुमचं." मला आधी बरं वाटलं, मग हळूहळू चिडचिड व्हायला लागली. ही माझी वाट होती, निदान मला तसं वाटत होतं, आणि बघावं तिथं तुम्ही आधीच जाऊन बसलेले होता. ड्रॉइंग मास्तर म्हणायचे, तुझे वडील म्हणजे चालतं पंचांग आहेत. मी हसायचो, पण ते मला झोंबायचं.

त्याच दिवसांत एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "कर्नूलपातूर आता रेल्वे जाती म्हनं. तितनं आत्मकूरला बैलगाडी मिळती. गुडघं दुखनारा मानूस बी जाईल." मी भाकरी मोडत म्हणालो, "हो, सायकल मोडली तर तसं परत येता येईल." तुम्ही म्हणालात, "व्हय, तसं बी." आणि ताटातल्या चटणीवर तेल ओतून घेतलंत.

एका रविवारी आम्ही कुंभारीच्या माळावर तंबू उभारून बघायला गेलो. दोन कळकाच्या काठ्या, मधे दोर, चारी बाजूंनी खुंट्या. माळावर सावली नावालाही नव्हती. दोनदा तंबू आमच्या अंगावर आला. तिसऱ्यांदा कसाबसा उभा राहिला, आणि तेवढ्यात लांबून एक टांगा येताना दिसला. टांग्यात तुम्ही. दुकान बंद करून, रविवारच्या बाजाराचं गिऱ्हाईक सोडून. "दोर कसा बांधला बगायला आलो," म्हणालात. दोर आम्ही चुकीचाच बांधला होता. तुम्ही तो सोडलात, तुमच्या पद्धतीनं आवळलात, मग वाकून, गुडघा कसातरी ओढत आत शिरलात आणि पाय लांब करून बसलात. टांगेवाला ओरडत होता. तुम्ही उठायला तयार नाही. "आत लई गार वाटतंय की रं," म्हणालात. मग दोन्ही हात पसरून रुंदी मोजलीत, दुकानात दोर मोजता तशी, आणि म्हणालात, "तिगं झोपतील यात."

ड्रॉइंग मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "दोघांपुरताच आहे, अप्पा. सामान असतं ना." तुम्ही म्हणालात, "व्हय की, सामान इसरलोच." हाताला धरून मी तुम्हाला बाहेर काढलं. तुमच्या धोतराला मागं माळावरची लाल माती लागली होती, ती मी झटकली.

आम्ही निघालो त्या सकाळी तुम्ही सूर्य उगवायच्या आत अंघोळ करून, विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होता. पिशवी नव्हती हातात, हे मी मुद्दाम बघितलं. अव्वानं ओवाळलं. तुम्ही म्हणालात, "आत्मकूरचं गाव सोडलं की चपला काडा. जंगलात मल्लय्याचीच जमीन हाय." एवढंच. मी सायकलवर टांग टाकली आणि वळणापर्यंत मागं बघितलं नाही.

पहिले पाच दिवस कसे होते ते तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही. आता सांगतो. फार चांगले होते. मैंदर्गीत आपल्या भावकीनं आम्हाला दूध पाजलं आणि चाकाकडं बोट दाखवून पोटभर हसून घेतलं. पुढं निजामाच्या हद्दीत रस्ता म्हणजे नुसती बैलगाडीची चाकोरी, त्यात पुढचं चाक अडकलं की माणूस शिंगावर घेतल्यासारखा उडायचा. मास्तर दोनदा उडाले. दुपारी झाडाखाली पडायचं, ऊन कलल्यावर निघायचं. कुणी मला अमक्याचा मुलगा म्हणून ओळखत नव्हतं. मी मोठ्यानं गात होतो, अप्पा, आणि मला गाता येत नाही.

सहाव्या दिवशी आत्मकूर सोडलं. चपला काढल्या नाहीत. उंबराखालचा झरा सापडला, पण त्यात ओला चिखल होता, पाणी नव्हतं. सायकली खांद्यावर घेऊन चढ चढलो. दगडी देवळी सापडली. पाणी नाही. मास्तर म्हणाले, परत फिरू. मी वही काढून दाखवली: पुढं मोठी चिंच आहे, तिथं ताकसुद्धा आहे. माझा तुमच्यावर एवढा विश्वास होता. चिंच खरोखर मोठी होती, तुम्ही सांगितलीत तशीच. तिच्याखाली चार खांब उभे होते, वरचं गवत उडून गेलेलं, आणि खाली फुटक्या रांजणांच्या खापऱ्या. उगादीच्या आठ-दहा दिवसांत भाविक तिथं पाणपोई घालतात, ताक वाटतात, आणि जत्रा सरली की निघून जातात. तुमच्या बारक्या गाठी म्हणजे झरे नव्हतेच, माणसं होती. ती माणसं दीड महिन्यापूर्वी घरी गेली होती.

मास्तर तिथंच बसले आणि ओकायला लागले. अंग तापलेलं, पण घाम नाही. बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी मी त्यांच्या तोंडावर मारलं, सायकली आणि तंबू तिथंच टाकले आणि त्यांना खांद्यावर रेलवून उतरवलं. वाटेत एका चेंचू बाईनं तिच्या वाळक्या भोपळ्यातलं पाणी पाजलं, म्हणून आज हे लिहायला मी आहे. कर्नूलला मास्तर तीन दिवस अंथरुणाला होते. मग रेल्वेनं परत.

घरी आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर होता. माझा चेहरा बघितलाच नाहीत. माझ्या पायांकडंही बघितलं नाहीत. जत्रेतून आलेल्या लहान मुलाला विचारावं तसं विचारलंत, "मोठ्या चिंचंखाली ताक मिळालं का रं?"

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण सगळं लिहीत नाही. तुमच्या गाठींपायी एक माणूस मेला असता, हे म्हणालो. अकरा वेळा गेलात आणि तेवढीही अक्कल आली नाही, हेही म्हणालो. अव्वा दारात येऊन उभी राहिली होती. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मी उगादीबिगर कवा गेलोच न्हाय की. मला काय ठावं, इतर दिवसात तितं कोन नसतं." आणि म्हणालात, "मी संगं असतो तर..." मी पाय धुवायला आत गेलो.

त्याच वर्षी मार्गशीर्षात तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दुपारच्या आत सगळं संपलं. बारावी राहिलीच. दहाव्यानंतर अव्वानं मला बाजूला बसवलं. तिच्या बोलण्यात रागही नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. ती म्हणाली, "त्येनी लई वाट बगितली. तू एकदा इचारशील, येता का म्हनून. रेल्वेनं येऊन आत्मकूरला बसून ऱ्हानार होते, म्होरं डोलीतनं जायाचं म्हनत हुते. गडी बी ठरवून ठेवलं होतं. आपन सवता कसं म्हनायचं, म्हनून गप बसले."

मी म्हणालो, "अव्वा, मला कळलंच नाही गं." ती म्हणाली, "कसं कळंल, ल्हान होतास." ती जाईपर्यंत तिनं तेच मानलं, आणि बायकोला, मुलीलाही मी तेच सांगत आलो. ही वही कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवीन, म्हणून इथं खरं लिहितो.

मला कळलं होतं, अप्पा. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.