खिळ्यावरचा मफलर

प्रिय रेविन,

क्राइस्टचर्चहून तुझं टिमरू गाडीने दोन तासांवर. अडतीस वर्षांत ते दोन तास मला काढता आले नाहीत. नाताळाचं कार्ड मात्र दरवर्षी न चुकता पाठवलं, कारण कार्डात फार काही लिहावं लागत नाही.

यंदा बर्फ उशिरा आला. बाकी आपल्या स्की क्लबचा डोंगर आहे तसाच आहे. इतर डोंगरांवर खुर्च्यांच्या लिफ्ट आल्या, आपल्याकडे अजून तोच दोर, तेच इंजिन आणि कमरेच्या पट्ट्याला तोच लोखंडी अडकित्ता. पळता दोर हाताने धरायचा, अडकित्ता त्यावर दाबायचा आणि वर जायचं. हल्ली स्नोबोर्डवाली पोरं फार येतात. ती आडवी उभी राहतात आणि दोर हाताला लागताच तोंडावर आपटतात. स्वयंपाकघरातली नोएलीन खिडकीतून ओरडते, "अरे, दोर आहे तो, साप नाही! धर की घट्ट!" तिची ऐंशी उलटली, जीभ अजून तरणीताठी आहे.

खुंट्यांची फळीही दाराशी तिथेच आहे. आपल्याकडे नोकर नाहीत, ज्याची त्याची कामं वाटलेली. काम झालं की आपल्या नावाची खुंटी डावीकडून उजवीकडे लावायची, आणि ती उजवीकडे गेल्याशिवाय डोंगरावर जायचं नाही. ज्याचं काम आधी उरकेल, घसरत उतरताना ताज्या बर्फावर उमटणारी पहिली रेघ त्याची. त्या रेघेसाठी आपण दोघं किती भांडायचो! तू भांडी विसळताना पाणी वाचवायचीस, आणि मी तुझ्या नावाने बोंब मारायचो.

त्या ऑगस्टमधल्या, ऐन हिवाळ्यातल्या सकाळी गुडघाभर ताजा बर्फ होता. तुझ्याकडे भांडी होती, माझ्याकडे वरची तार. वरच्या टोकाला दोर ज्यावरून वळतो, त्या मोठ्या चाकाच्या अलीकडे ती आडवी तार असते. कुणाचा अडकित्ता सुटला नाही, तर माणूस तिच्यावर आदळतो, खटका पडतो आणि इंजिन बंद होतं. थंडीत तो खटका गोठतो. म्हणून रोज सकाळी अर्धा तास पायी चढून त्याच्यावरचा बर्फ ठोकून काढायचा आणि तार ओढून बघायची. रेविन, मी त्या दिवशी चढलोच नाही. पॉरिज खाता खाता उठलो आणि खुंटी उजवीकडे लावली. म्हटलं, पहिला दोर आपणच धरू आणि वर पोहोचल्यावर खटका बघू. वर पोहोचलो, आणि समोर तो कोरा उतार दिसला. एक फेरी मारून मग बघू, असं म्हणून मी निघून गेलो.

माझ्यामागून तू आलीस. मफलरचं टोक तुझ्या अडकित्त्यात अडकलं, तो उघडेना. तू तारेवर आदळलीस आणि काहीच झालं नाही. खाली कुणीतरी पाहून इंजिन बंद करेपर्यंत तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं चाकात गेली होती.

आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे तुला घसरगाडीवरून खाली नेत होते, तेव्हा मी म्हणालो, "मी वर थांबतो, सामानाकडे बघतो." मी हातोडीने खटक्यावरचा बर्फ फोडला. दुपारी समितीने तार ओढून पाहिली, खटका टकन पडला. "तार चोख आहे," अध्यक्ष म्हणाले. "मफलर घालून दोर धरायचा म्हणजे काय! पोरीची चूक." मी मान डोलावली.

पुढच्या सभेत तू हाताला पट्टी बांधून उभी राहिलीस आणि सगळ्यांची माफी मागितलीस. बाहेर मला म्हणालीस, "तू बिचारा एवढ्या थंडीत वर चढलास, आणि मी मेली मफलरातच अडकले." मी म्हणालो, "जाऊ दे गं, होतं असं." बोटांच्या टोकांनी लोकर चाचपून तिची प्रत सांगायचं तुझं काम सुटलं, आणि तू टिमरूच्या कचेरीत फायली लावायला गेलीस. मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

तुझा लाल मफलर क्लबने दाराशी खिळ्यावर टांगला. मी शिकवणारा झालो. दर हिवाळ्यात नव्या पोरांना त्याखाली उभं करून सांगायचो, "हा रेविनचा मफलर. रेविन दहा बोटं घेऊन वर गेली, आठ घेऊन खाली आली. बघू, कुणाच्या गळ्यात काय आहे?" पोरं हसायची. मीही हसायचो.

गेल्या शनिवारीही हसलो. हिरवा स्नोबोर्ड घेतलेली एक मुलगी मात्र हसली नाही. सगळे गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "तूच नेव्हिल ना? हा माझ्या आजीचा आहे." पुढे म्हणाली, "आजीने सांगितलंय, वरची तार नेव्हिलने बघितली असेल तर बिनधास्त जा. तो कधी चुकत नाही." एवढं बोलून ती दोराकडे पळाली. मी तिच्याआधी वर गेलो, आणि दिवसभर त्या चाकापाशी बसून होतो, दर थोड्या वेळाने तार ओढून बघत. तिला काही सांगितलं नाही. सांगायचं का, ते तू ठरव. शुक्रवारी क्लबची सभा आहे. तिथे हे सगळं उभं राहून सांगणार आहे, पण त्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणत नाही. ते तू एकदा त्या सभेत माझ्या वाटचं म्हणून टाकलंस. मफलर सोबत पाठवतोय. तो काढला, तेव्हा दाराशी थांबून फळीवरची माझी खुंटी परत डावीकडे लावली.

तुझाच म्हणवण्याची लायकी गमावलेला,
नेव्हिल