तुतीला ठोकलेले अठरा खिळे

दि. २ मार्च

तीन महिन्यांनी तुझं पत्र आलं. मला वाटलं, आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं असेल. चष्मा शोधला, पुसला, वाचलं, तर सगळी चौकशी झाडाची! तुतीला हात लावू नकोस म्हणे, आमचं लहानपण आहे ते. तुमचं लहानपण रोज सकाळी अंगणभर पडतं आणि झाडते मी. फळं फरशीवर फुटतात, जांभळे डाग घासून घासून हात दुखतात, आणि गेल्या आठवड्यात त्याच लहानपणावरून माझा पाय घसरला. कंबर शाबूत आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

असो. चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद. सूनबाईंना आणि माझ्या नातीला आशीर्वाद सांगणे.

थोरलीने तुला कळवलंच आहे तर पुढचं मी सांगते. करवतवाला येऊन गेला. बुंध्यावर हातोडीने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला की आतून पोकळ झालंय. स्वयंपाकघराच्या बाजूची साल कुजली आहे. तिथे बुंध्याशी मातीचा ढीग साचलाय, त्याने ओल धरून ठेवली. कोणी घातली माती, असं विचारत होता. मी म्हटलं, मुंग्यांनी. झाड कललंय ते नेमकं स्वयंपाकघराकडे. जोराचा वारा आला की छप्पर, चूल आणि मी, तिघं एकदम जाऊ.

पण आता त्याचंच अडलंय. तुझ्या वडलांनी तुमची उंची मोजून ठोकलेले खिळे सालीने गिळलेत. यंत्राची करवत खिळ्यावर गेली तर साखळी तुटून माणसाचा डोळा जाईल म्हणतो. खिळे कुठे आहेत ते दाखवा, मगच हात लावीन. तर जगाच्या जमिनी मोजणाऱ्या शहाण्या, स्वतःचे खिळे आठवतात का ते लिही. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने किती हिशेब ठेवायचे?

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नका. एखादा झाडू पाठवा.

तुझी आई

दि. ११ मार्च

ती. आईस साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून बायको इतकी हसली की मला हसता येईना. गुडघा कसा आहे? कंबर कशी आहे? उशिरा विचारतोय, पण विचारतोय.

खिळे एकूण अठरा. ताईचे नऊ कुंपणाच्या बाजूला, माझे नऊ स्वयंपाकघराच्या. दरवर्षी शाळेला सुट्टी लागली की त्याच दिवशी बाबा आम्हाला बुंध्याला पाठ लावून उभं करायचे, टाचा टेकल्यात का ते बघायचे, डोक्यावर काटकोनी लाकडी गुण्या आडवा धरून खिळा ठोकायचे. सुतार माणूस, एक घाव इकडचा तिकडे नाही. माझा पहिला सहाव्या वर्षीचा. आठव्या, नवव्या आणि दहाव्या वर्षीचे तिन्ही एकाला एक चिकटून, कारण त्या लांबलेल्या तापानंतर मी वाढायचाच थांबलो होतो. आणि अकराव्या वर्षी एकदम चार बोटं वर! तो खिळा मी डोळे मिटून दाखवीन.

आई, एक विनंती आहे. सुट्टी लागेपर्यंत झाड राहू दे. तुझी नात, आपलं बटण, नऊ वर्षांची झाली तरी वर्गात सगळ्यात ठेंगणी आहे. डॉक्टर म्हणतात काही दोष नाही, धीर धरा. पण शाळेत उंची मोजायच्या दिवशी ती पोट दुखतं म्हणून घरी राहते, खेळाच्या तासाला ग्रंथालयात लपते. घरात दाराच्या चौकटीला पाठ लावायला सांगितलं तर रडून गोंधळ. मी तिला माझ्या तीन खिळ्यांची आणि त्या चार बोटांची गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती अकराव्या वर्षाची वाट बघतेय. कॅलेंडरवर खुणा करते. तो खिळा तिला हाताने चाचपू दे, मग खुशाल तोड.

ताईला सांग, मी तिच्यापेक्षा बोटभर उंच आहे याचा पुरावा जाणार, म्हणून तिने खूश होऊ नये. चपला काढून कोण उंच ते मी अजून मानत नाही.

माया आहे तशीच असू दे. झाडूऐवजी मीच येईन.

तुझा
धाकटा

दि. १७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच. बायकोला नंतर दे, हसायला नको म्हणून नव्हे.

थोरलीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, आई, झाड जाणार आहे तर गोष्टही जाऊ दे, कशाला उकरतेस? दवाखान्यात नर्स आहे, जखम झाकून ठेवायची सवय. मी तिच्यावर खेकसले. पण रात्रभर नाही, सकाळी चहाच्या वेळीच विचार केला आणि ठरवलं.

त्या अकराव्या वर्षी तू वाढला नव्हतास.

तुझे तीन खिळे चिकटून बसले तेव्हा तू जेवण टाकलंस. पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचास आणि म्हणायचास, मला मोजू नका, मी असाच राहणार. तापातून उठवलेलं पोर असं उपाशी मरताना बघायला माझ्यात दम नव्हता. सुट्टीच्या आदल्या दिवशी तू शाळेत गेलास, मी मागच्या वाफ्यातली माती पाट्यांनी आणली, तुझ्या बाजूला बुंध्याशी पसरली, धोपटून घट्ट केली आणि वर वाळका पाला टाकला. चार बोटं भरली. पाचवं बोटही भरणार होते, पण लोभ आवरला.

दुसऱ्या दिवशी तू टाचा टेकवून उभा राहिलास. तुझ्या वडलांनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिळा ठोकला. बोलले काही नाहीत. आयुष्यात एकदाच खोटा घाव घातला त्यांनी, तोही सरळ. थोरलीने पाट्या वाहताना मला पाहिलं होतं. म्हणून तर ती तीस वर्षं तुला बोटभर उंच म्हणू देते. तिचे उपकार मान.

त्या दिवशी तू तीनदा वाढून घेतलंस आणि मी हात धुतले. पण माती काढता येईना. काढली असती तर पुढच्या वर्षी तू पुन्हा बुटका झाला असतास. पावसाने धुपायची, मी भर घालायची. तू शिकायला गेलास तरी सवयीने घालत राहिले. झाड कुजलंय ते त्याच मातीने. मुंग्यांना उगाच बोल लावला.

आता हे का सांगते? माझं मन हलकं व्हावं म्हणून नाही, माझं मन मजेत आहे. पण ते लेकरू अकराव्या वर्षाची वाट बघत बसेल, आणि तेव्हा तिच्या पायाखाली माती घालायला मी असेन की नाही ते माहीत नाही. मी नसले तर तू घालशील. आणखी एक झाड कुजवू नकोस. तिला खरं सांग.

राग आला तर लिहून कळव, गप्प बसू नकोस. गप्प बसायचं काम तुझ्या वडलांनी केलं तेवढं पुरे.

आई

दि. २९ मार्च

ती. आईस सा. न.

पत्र तीनदा वाचलं. राग मातीचा नाही. अकराव्या वर्षापासून मी कुठल्याही दारातून मान वर करून गेलो, ते त्या चार बोटांच्या जिवावर. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं. आता वाटतं, खाली काय होतं? मोजणीच्या कामात मी रोज साखळी ओढण्याआधी जमीन सपाट आहे का बघतो. माझीच बघितली नाही.

काल बटणाला सांगितलं. वाटलं रडेल. ती आतल्या खोलीत गेली, कॅलेंडर काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग तिने विचारलं, आजीने माती एकटीने आणली का? किती पाट्या? आणि मी सगळ्यांसमोर मातीवर ऐटीत उभा होतो, या कल्पनेने ती अशी हसली की तिच्या आईला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. नंतर म्हणाली, मग बाबा, तू खरा कधी वाढलास? तेवढं झाडावर बघून कळव.

झाडाचं तुला योग्य वाटेल ते कर. ताईला आज फोन केला. चपला काढून हरलो म्हणून सांगितलं.

तुझा
धाकटा

दि. २६ एप्रिल

चि. बटणास आजीचे आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते. पाट्या नऊ. एकटीने. दोन दिवस कंबर धरली होती, आणि कोणी विचारलं नव्हतं. ती खोड तुझ्या बापाला तेव्हापासून आहे.

तुझा बाप खरा वाढला तेराव्या वर्षी. साल खरवडून बघितलं, बाराव्याचा खिळा अकराव्याच्या नखभर वर आहे आणि तेराव्याचा जवळजवळ वीतभर वर. त्या वर्षी माती तेवढीच होती, मी हात लावून सांगते. म्हणजे तो वाढला, पण सांगतो त्याच्या दोन वर्षं उशिरा. तू कधी वाढशील ते मला माहीत नाही. वाढशील की नाही तेही माहीत नाही. माहीत नसलेलं सांगायचं मी सोडलंय.

झाड तोडलं. सगळं नाही. करवतवाल्याने खिळ्यांना हात लावायला साफ नकार दिला, म्हणून सगळ्यात वरच्या खिळ्याच्या हातभर वरून कापलं. वरचा भार गेला, आता पडायचं भय नाही म्हणतो. माती मी उकरून वाफ्यात परत टाकली. अंगणात माणसाएवढा खांब उभा आहे, बघायला अगदी भिकार. आणि काल त्याच्या डोक्यावर हिरवे फुटवे दिसले. मेलं मरायचं नाव घेत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मलाच झाडायला लागणार.

आणखी एक. खिळे दाखवायला करवतवाल्याबरोबर उभी होते तेव्हा सहज बुंध्याला पाठ लावली. तुझे आजोबा गंमत म्हणून मलाही एकदा मोजायचे म्हणाले होते, तेव्हा मी थोरलीच्या शेवटच्या खिळ्याला लागत होते. आता तीन बोटं खाली आहे. मी दरवर्षी आखडतेय. कोणी शाळेत पाठवत नाही म्हणून बरं, नाहीतर मलाही पोट दुखतं म्हणून घरी राहावं लागलं असतं.

तर माझं म्हणणं असं. सुट्टीत ये. आधी मी उभी राहीन, माझा खिळा तू ठोक. हातोडी आजोबांची आहे, जड आहे, बोट सांभाळ. मग तुला वाटलं तर तू उभी राहा, नाही वाटलं तर नको. जमीन सपाट आहे, मी पाण्याची तपेली ठेवून बघितली. तू वर येते आहेस, मी खाली येते आहे. एखाद्या वर्षी दोघींना एकच खिळा पुरेल, तेवढाच खर्च वाचेल.

येणार की नाही, आणि मोजायचं की नाही, हे तू स्वतःच्या हाताने लिही. बापाच्या अक्षरातलं पत्र आलं तर न वाचता परत पाठवीन.

तुझी
आखडलेली आजी